भरती जिथवर चढते

वाईच्या आमच्या घरात मिठाची एक बरणी होती. चिनी मातीची, तोंडाला दादरा बांधलेली. त्यातलं खडेमीठ काढताना आजी म्हणायची, "सांडू नको गं, खालनं आलंय ते." खालनं म्हणजे घाटाखालनं, कोकणातनं. तिच्या आजीच्या लहानपणी मीठ बैलांच्या पाठीवर लादून वर यायचं, आणि बैल दारात आले की बायका परडी घेऊन बाहेर पडायच्या. बरणी केव्हाच फुटली. ते "खालनं" मात्र माझ्या कानात राहिलं.

पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी दोन वर्षं मी पूर्व आफ्रिकेत मोंबासाला काढली. जुन्या गावातल्या बाजारात पहिल्यांदा गेले तेव्हा भाषेचं एक अक्षर येत नव्हतं, पण शब्द ओळखीचे निघाले. दुकानाला डुका, हिशेबाला हेसाबू, मालाला माली, फायद्याला फाइदा, बंदराला बंदारी, ओझं वाहणाऱ्याला हमाली. जहाजाच्या कप्तानाला नाहोधा म्हणतात हे कळलं तेव्हा तर मी थबकलेच. हा तर आपला नाखवा! मधे सुमारे साडेचार हजार किलोमीटर पाणी, आणि दोन्ही काठांवर एकच शब्द. शब्द काही पोहत येत नाहीत. ते कुणीतरी मालाबरोबर आणलेले असतात. आणि मालाबरोबर शब्द येतात तशी माणसाची प्रार्थनाही येते का, कशी येते, किती आत शिरते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

त्याचं उत्तर शोधायला लांब जायला नको होतं. या पौषात मी मिठाची ती जुनी वाट उलटी धरली आणि खाली उतरले.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात पाच नद्या उगम पावतात अशी आपली श्रद्धा. त्यातली कृष्णा पूर्वेला वळते आणि माझ्या वाईच्या घाटाच्या पायऱ्या धुते. सावित्री पश्चिमेला उडी घेते. त्या दिवशी मी कृष्णेचं बोट सोडून सावित्रीचं धरलं. वर अंगावर शाल होती. आंबेनळी घाटाच्या निम्म्यात ती निघाली, आणि पायथ्याला पोचेपर्यंत पाठ घामानं भिजली. एका तासात माणूस ऋतू बदलून येतो. दोन्ही बाजूंना जावळीचं रान. प्रतापगडाचा बुरूज एका वळणावर दिसतो, पुढच्या वळणावर नाहीसा होतो, पुन्हा दिसतो.

गाडीरस्ता झाला तो नंतर. जुनी वाट पार गावावरनं, पार घाटानं उतरायची. गूळ, हळद, मिरची खाली जायची. मीठ, सुकी मासळी, नारळ आणि खारीक वर यायची. खारीक हा शब्द लिहिताना मला बाळंतिणीचा डबा आठवतो. आपल्याकडे देशावर खारीक-खोबऱ्याच्या लाडवाशिवाय बाळंतपण होत नाही, आणि त्यातली खारीक इराणच्या आखाताकडची, खोबरं किनाऱ्यावरचं. म्हणजे घाटमाथ्यावरच्या बाईच्या अंगात ताकद यायची ती दर्यातनं.

मिठावर राज्यं कशी लक्ष ठेवून असत पाहा. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या नरहरी आनंदराव या अधिकाऱ्याला लिहून बारदेशच्या मिठावरची जकात वाढवायला लावली. पोर्तुगीज मुलखातलं मीठ स्वस्त पडलं की संगमेश्वराकडचं मीठ कोण घेणार, ही चिंता. आता त्याच्या सहाशे वर्षं आधीचं आणि सहारा वाळवंटापलीकडचं घाना पाहा. अल-बक्री या लेखकानं १०६८ मध्ये लिहून ठेवलं आहे की घानाचा राजा मिठाच्या दर गाढवामागे आत येताना एक सोन्याचा दीनार घेई आणि बाहेर जाताना दोन. मीठ उत्तरेकडून उंटांवर यायचं, सोनं दक्षिणेकडून. राजा त्या दोहोंच्या मधोमध बसलेला. जकात हा शब्द मूळचा अरबीतल्या झकातचाच, म्हणजे मुसलमानाच्या धर्मातल्या दानाचा. आपल्याकडे येईपर्यंत तो नाक्यावरच्या कराचा झाला. शब्दही व्यापारात बदलतात.

त्याच अल-बक्रीनं घानाच्या राजधानीची दोन गावं सांगितली आहेत. एकात राजा राहतो, जुने देव मानणारा. काही मैलांवर दुसरं, मुसलमान व्यापाऱ्यांचं, त्यात बारा मशिदी. राजा मुसलमान नाही. पण त्याचा खजिनदार आणि बरेचसे मंत्री मुसलमान. कारण उघड आहे. लिहिता येणारा, हिशेब ठेवणारा, लांबच्या पेठेत ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा माणूस राजाला हवाच असतो.

हे वाचून आपल्याला आफ्रिका दूरची वाटते. तर पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेले ताम्रपट बघावेत. राष्ट्रकूटांनी संजाणच्या बंदरावर मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी नेमला होता. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप. ताम्रपटाचं साल ९२६. या मधुमतीनं काय केलं? दोन प्रवाहांवर फुकट तरीची सोय केली आणि अन्नछत्र घातलं, भात, कालवण, तूप वाढणारं. त्याच्या मान्यतेनं मठाला दान मिळालं. मला हा माणूस फार आवडतो. परमुलखात येऊन त्यानं आधी लोकांना नदी ओलांडून दिली.

घाट उतरून पोलादपूरला थांबले ते भुकेनं. इथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे, आणि थोडं आत गेलं की उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. खाणावळीत तांदळाची भाकरी आली, पांढरीशुभ्र, कडेला पातळ. आम्ही पौषात बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवणारी माणसं. तांदळाची भाकरी मला कायम पाहुणीसारखी वाटते, दिसायला सुंदर आणि बोलायला संकोचणारी. पण बरोबर कुळथाचं पिठलं होतं, आणि त्याच्याशी तिचं फार जमतं.

वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुठचं गाव?" हा इथला पहिला प्रश्न. आमच्याकडे विचारतात, "कुणाची तुम्ही?" देशावर माणूस घराण्यावरनं ओळखतात, कोकणात गावावरनं. मोंबासाला पहिला प्रश्न तिसराच असायचा: घरची खबर काय? खबर हाच शब्द, हाबारी. तिथे गावही पुढे, घराणंही पुढे; आधी बातमी. बंदरावरच्या माणसाला तेच लागतं.

पोलादपूर सोडलं की दरी रुंदावते, सावित्री संथ होते आणि महाड येतं. पावसाळ्यात हीच नदी काय करते ते महाडकरांना विचारावं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिनं महामार्गावरचा जुना पूल वाहनांसकट नेला. जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठ बुडाली. जुन्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून दिसते, माझ्या डोक्याच्याही वर.

पण त्याच नदीनं हे गाव वसवलं. सावित्री आणि गांधारीच्या संगमावर, सागरी भरतीच्या शेवटच्या टोकाला आणि घाटाच्या पहिल्या पायरीला महाड आहे. बाणकोटला समुद्रातनं आत शिरलेली गलबतं दासगावपर्यंत यायची, भरतीला लहान होड्या महाडपर्यंत. इथे होडीतला माल बैलावर चढायचा आणि बैलावरचा होडीत उतरायचा. अशा सांध्याच्या गावाला एक स्वभाव असतो. परका माणूस तिथे नवल नसतो.

पेठेत एका भुसारी दुकानात शिरले. पोत्यांच्या ओळी, तांदळाचा नि गुळाचा मिळून येणारा जुना वास. काउंटरवर इलेक्ट्रॉनिक काटा, आणि मागच्या फळीवर एक पितळी पायली, कडा झिजून पातळ झालेली. मी मागितली तशी दुकानदार चाचांनी ती उतरवून हातात दिली. सत्तरीचे असतील. पांढरी टोपी, सुती सदरा, बोलणं अस्सल महाडी.

"वडलांची हाय," ते म्हणाले. "भाताचं माप. हातानं कड मारायची, अशी." त्यांनी तळवा आडवा करून हवेतच पायलीच्या तोंडावरनं फिरवला. तांदूळ नव्हतेच, तरी त्यांचा हात कडेवर बरोबर थांबला. "काय लोक चिमटीभर वर ठेवत. बाबा म्हणायचे, ठेव. कमी भरला तर वर जाब द्यावा लागंल."

वर म्हणजे कुठे, हे विचारायची गरज नव्हती. आणि मला वाटलं, माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या पायलीत आहे. परक्या बंदरात उतरलेल्या व्यापाऱ्यापाशी फौज नसते, नातेवाईक नसतात. त्याला एवढंच हवं असतं की समोरचा माप कमी भरणार नाही, उधारी बुडवणार नाही, आणि वाद झालाच तर दोघंही मानतील असा काजी असेल. एकाच वरच्याला जाब देणारी दोन माणसं भेटली की हे सोपं होतं. मोगादिशूहून किल्व्याला, किल्व्याहून एडनला, एडनहून कोकणातल्या चौलला, जिथे जाल तिथे तोच करार, तीच शपथ, तेच वारसाचे नियम. स्थानिक व्यापारी त्या मंडळात आला की त्याची पतही सगळ्या किनाऱ्यावर चालू लागे. श्रद्धा त्याहून मोठी गोष्ट आहे, ती पत मिळवायला कुणी घेत नाही असं मी मानते. पण श्रद्धेची आणि माणसाची पहिली भेट घडवून आणायला पेठेसारखी जागा नाही.

प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये मोगादिशूला गेला तेव्हाची रीत त्यानं सांगितली आहे. जहाज आलं की गावातली तरणी मुलं होड्या घेऊन निघत, प्रत्येकाच्या हातात झाकलेलं ताट. ते ताट एकेका व्यापाऱ्यापुढे ठेवायचं आणि म्हणायचं, हा माझा पाहुणा. मग त्या पाहुण्यानं त्याच्याच घरी उतरायचं. त्याचा माल यजमानानंच विकायचा, त्याच्यासाठी खरेदीही यजमानानंच करायची. आपल्या भाषेत बोलायचं तर यजमान हाच अडत्या. इब्न बतूताला तिथे जेवायला काय मिळालं? तुपातला भात, दुधात शिजवलेली कच्ची केळी, लिंबाचं लोणचं, ओलं आलं आणि आंबा. सातशे वर्षांपूर्वीचं आफ्रिकेतलं पान, आणि डावी बाजू वाढलेली आपल्यासारखी.

गप्पा चालल्या असताना अजान झाली. चाचा उठले. दुकान तसंच उघडं ठेवून शेजारच्या कापडवाल्या शेटजींना हाक दिली, "जरा बघा हां काका." काकांनी मान हलवली, खुर्ची अर्धी वळवून बसले. गल्ला उघडा, मी परकी बाई आत बसलेली, आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

परत आल्यावर मी म्हटलं, "चाचा, तुमची दुपारनंतरची नमाज लवकर होते. आमच्या वाईकडे अजून वेळ असतो."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुला ठाऊक हाय? आम्ही शाफई. वरचे हनफी."

मला मोंबासात ठाऊक झालं होतं. सुन्नी इस्लामी कायद्याच्या चार परंपरांपैकी शाफई ही समुद्रकाठची. येमेन, मोंबासा-झांजिबार, कोकण, मलबार, आणि पार मलाया-इंडोनेशियापर्यंत. देशाच्या आत, दिल्लीकडून आणि जमिनीवरनं आलेला इस्लाम बहुतेक हनफी. कुठल्या वाटेनं धर्म आला हे नमाजाच्या वेळेवरनं आजही कळतं. आणि जेवणावरनंही. हनफी मतात समुद्रातले मासे तेवढे चालतात, शिंपल्यातलं मांस चालत नाही, कोळंबीवर वाद आहे. शाफईंना कोळंबी चालते, तिसऱ्या चालतात. खाडीकाठच्या माणसाच्या पातेल्यात जे शिजतं ते त्याच्या शास्त्राला आधीच माहीत होतं, कारण ते शास्त्र खाडीखाडीनंच आलं.

अल-मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी ९१६ च्या सुमाराला चौलला आला. त्यानं चौलला सैमूर म्हटलं आहे. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं तो लिहितो. त्यातले काही ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि काही इथेच जन्मलेले. त्यांना बयासिरा म्हणत. त्यांचा एक मुखिया राजाच नेमायचा, त्यांच्यातलाच, आणि त्यांचे तंटे तो सोडवायचा. याच मसूदीनं त्याच सुमाराला पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याचीही सफर केली होती. तिथला हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थानात येतो आणि त्याच्या खंजिराच्या मुठी नि बुद्धिबळाची प्यादी होतात, हे त्यानंच लिहिलं. अलाउद्दीन खलजी देवगिरीवर आला तो १२९६ मध्ये. मधे जवळजवळ ३८० वर्षं. सुलतानांची तलवार नंतर आलीच, आणि तिनं जे केलं ते केलं. पण कोकणच्या खाड्यांत अजान तिच्या कितीतरी आधी घुमली होती.

बयासिरा का जन्मले हे वारा सांगतो. हिवाळ्यात ईशान्येचा वारा गलबतं इथून आफ्रिकेला नेतो, पुढे नैऋत्येचा परत आणतो. भर पावसाळ्यात दर्या बंद. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला तो उघडतो. मोंबासात या दोन वाऱ्यांना कास्काझी आणि कूसी म्हणतात, आणि म्हातारी माणसं घरातल्या कुटुंबीयांबद्दल बोलावं तशी त्यांच्याबद्दल बोलतात. वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्याला महिनोन्‌महिने बंदरात थांबावं लागे. थांबलेला माणूस घर करतो, लग्न करतो. मुलं आईची भाषा बोलतात आणि बापाची नमाज पढतात. आफ्रिकेच्या काठावर असा स्वाहिली माणूस झाला. आणि आपल्याकडे कोकणी मुसलमान, घरात मराठीची बाणकोटी बोलणारा, आडनाव देशमुख, मुकादम, नाहीतर गावावरनं पडलेलं.

महाडला येऊन चवदार तळ्यावर न जाणं माझ्यानं होत नाही. पायऱ्या उतरून पाण्याला हात लावला. २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेला जमलेल्या लोकांसह बाबासाहेब आंबेडकर इथलं पाणी ओंजळीनं प्यायले. परिषदेच्या लोकांवर नंतर हल्ला झाला तेव्हा कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची तर मांडवाला कुणी जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली ती त्या जागेवर. आणि बाबासाहेब महाडला आले कसे? मुंबईहून बोटीनं, खाडीमार्गे, दासगाव बंदरात उतरून. ज्या वाटेनं हजार वर्षं माल आणि माणसं येत होती त्याच वाटेनं समतेची मागणीही आली. मी तिथे बराच वेळ बसून राहिले.

गावाबाहेर महामार्गाला लागून गंधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. पायऱ्या चढून ओसरीत उभं राहिलं की खाली दोन्ही नद्या आणि त्यांच्या कुशीत महाड दिसतं. इथल्या एका लेखात काणभोज विष्णुपालित या राजपुत्राचं दान आहे, दुसऱ्यात संघरक्षित नावाच्या गृहस्थाच्या मुलाचं. दाराशी थंड दगडावर हात ठेवून मी बघत होते: भिक्षूंनी जागा निवडली ती व्यापाऱ्यांची वाट दिसेल अशीच. इस्लामच्या आधी बुद्धही इथे याच मालाच्या सोबतीनं आला होता.

चाचांनी त्यांच्या बहिणीला फोन करून ठेवला होता. "खाडीकाठी ऱ्हाते, जेवल्याशिवाय सोडणार नाय." दासगाव, वहूर, टोळ मागे टाकत रस्ता आंबेतकडे जातो, बॅरिस्टर अंतुल्यांचं गाव ते. एका बाजूला टेकडी, एका बाजूला खाडीचा चिखल, कांदळवन, त्यात एका पायावर उभे बगळे. वाडी आली की माडांमधनं एक मिनार दिसतो, मग देवळाचा कळस, मग पुन्हा मिनार. पोलादपुराकडे अशी गावं विरळ होती. खाडी जसजशी रुंद होत गेली तशी ती दाट होत गेली. पूर्व आफ्रिकेत नेमकं हेच. स्वाहिली हा शब्दच साहिलवरून, किनाऱ्यावरून आलेला. किनाऱ्यावर शतकानुशतकं मशिदी होत्या, आत मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत तो धर्म फारसा गेला नाही, कारण व्यापारी स्वतः आत जात नसत; सोनं आणि हस्तिदंत आतली माणसंच काठावर आणून देत. पश्चिम आफ्रिकेत उलट झालं. तिथे व्यापारी उंट घेऊन स्वतः वाळवंट तुडवत गेले, आणि त्यांच्या तळांवर मशिदी झाल्या. तघाझाच्या मीठखाणीवर तर घरं आणि मशीदसुद्धा मिठाच्या ठोकळ्यांची, वर उंटाच्या कातड्यांचं छप्पर. इब्न बतूतानं १३५२ मध्ये ती पाहिली. आजीला हे सांगता आलं असतं तर! मिठाचा खडाही सांडू न देणारी ती, मिठाच्या भिंतींना तिनं हातच जोडले असते.

बहिणीचं घर उतरत्या कौलांचं, पुढे पडवी, पडवीत लाकडी बाक. मोंबासातल्या घरांपुढे असाच दगडी ओटा असतो, बाराझा. येणारा तिथे टेकतो, घरातल्यांना कळतं, मग आत बोलावतात. मी टेकले.

"ये गो, आत ये. पानी घे," चाची म्हणाल्या.

त्या नारळ खवत होत्या. लाकडी पाट, त्याच्या पुढच्या टोकाला वर वळलेलं दातेरी पातं, आणि पाटावर एक पाय दुमडून त्या बसलेल्या. करवंटी दोन्ही तळव्यांत धरून त्या तिला थोडी फिरवायच्या, थोडी दाबायच्या, पुन्हा फिरवायच्या. खोबरं ताटात लोकरीसारखं पडत होतं. करवंटीची काळी पाठ उघडी पडायच्या आत त्यांचा हात थांबायचा. एक काळा कण ताटात आला नाही. मोंबासाच्या माझ्या शेजारणीकडे हुबेहूब अशीच खवणी होती. तिला ती म्बुझी म्हणायची, म्हणजे बकरी. चार पायांची, मान वर केलेली. मी चाचींना सांगितलं. त्यांनी खवणीकडे नव्यानं पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "खरंच गो, बकरीच!" आतल्या सुनेला हाक मारून त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

जेवायला सोड्यांचं कालवण, भात आणि सांदणं. सांदण तांदळाच्या रव्याचं, नारळाच्या दुधातलं, वाफेवर फुगलेलं. मोंबासात तांदूळ आणि नारळाच्या दुधाचंच पीठ आंबवून आपल्या आप्प्यांसारख्या खोलगट तव्यात तळतात, विटुंबुआ. पीठ तेच, इथे वाफ, तिथे तेल. माझ्या शेजारणीला आणि चाचींना समोरासमोर बसवावं असं फार वाटलं. एकमेकींचा शब्द न कळता दोघींनी एकमेकींचं पीठ बरोबर ओळखलं असतं.

चाचींच्या सासऱ्यांचे चुलते केप टाऊनला गेले आणि तिकडचेच झाले. कोकणी मुसलमानांची तिथे मोठी वस्ती आहे, रायगड-रत्नागिरीच्या गावांतनं गेलेली. आता घरातला मुलगा कुवेतला. खाडीनं येणं थांबलं, जाणं थांबलं नाही.

"आमच्या माहेरला हबसाण म्हनत," चाची म्हणाल्या. मुरूड-जंजिऱ्याकडचा तो मुलूख. हबशांचा म्हणून हबसाण. तो शब्द ऐकला आणि इतका वेळ मनात गोड चाललेलं ते सगळं एकदम थांबलं. कारण याच गलबतांतनं माणसंही विकायला यायची. इथिओपियातलं एक पोर मोखाच्या बाजारात, मग बगदादला, मग दख्खनेत विकलं जातं आणि मलिक अंबर होऊन निजामशाही चालवतं. जंजिऱ्याचे सिद्दी खुद्द रायगड धरून बसतात आणि १७३३ पर्यंत तो मराठ्यांना परत मिळत नाही. संस्थान १९४८ पर्यंत टिकतं. ही पराक्रमाची नावं आपण घेतो. पण एका अंबरामागे अशी किती पोरं असतील, ज्यांना त्यांच्या आईनं दिलेलं नाव पुन्हा कुणी उच्चारलं नाही? पायली भरताना वरच्या जाबाला भिणाऱ्या जगातच हेही मापलं गेलं, आणि याचा जाब फार थोड्यांनी मागितला. सिद्दींची वस्ती आजही मुरुडला आहे. व्यापारानं धर्म आला हे सांगताना मी हे गाळणार नाही.

निघताना चाचींनी सोड्यांची पुडी बांधून दिली, वर्तमानपत्राच्या दोन पदरांत, वरून दोरा. मग आत जाऊन आणखी एक पुडी आणली. "खडेमीठ हाय. लोणच्यात घाल, वरच्या पिशवीतलं नको." मी ती दोन्ही हातांनी घेतली.

महाडला परत आले तेव्हा संध्याकाळ उतरत होती. दादली पुलाजवळ एक मासेवाला होडी बांधून जाळं झटकत होता. मी विचारलं, "दादा, भरती कुठवर येते?"

"इथवर येते. पुढे नाय."

"कळतं कसं?"

त्यानं वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि टाकलं. "अजून गोडं हाय. थांबा जरा."

मी काठावर बसले. पाणी आधी नुसतं थबकलं. मग काठाचा पाचोळा, जो खाली चालला होता, जागच्या जागी फिरला आणि हळूहळू वर, घाटाच्या दिशेनं सरकू लागला. पेठेतनं मगरिबची अजान आली, पाठोपाठ कुठल्याशा देवळात घंटा वाजली. त्यानं पुन्हा ओंजळ भरली, या वेळी माझ्यापुढे धरली. मी बोट बुडवून जिभेला लावलं.

"मचूळ," मी म्हटलं.

"आला," तो म्हणाला, आणि होडीचा दोर सोडायला वाकला.